कोळसा संपल्यानंतर : लिम्बुर्गच्या सायकलवाटांची हकीकत

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी कोळसापट्ट्याच्या इतिहासावर काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा आम्ही प्रथम टाळाटाळच केली. इतिहास विषय घेऊन बी. ए. झालो त्याला आता एक जमाना लोटला, आणि त्यानंतरची सारी वर्षे केंद्र सरकारच्या फायलींवर टिपणे लिहिण्यात गेली. शिवाय धनबाद-झरियाचा इतिहास आपल्या घराघरांतून परिचित आहे. १९७२-७३ साली कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, महाराष्ट्रातून अभियंते, सर्व्हेअर, हिशेबनीस यांची कुटुंबे इकडे आली आणि कोणाच्या तरी क्वार्टरच्या व्हरांड्यात पहिला गणपती बसला, ही कथा सांगणारी वडील माणसे सुदैवाने आजही आपल्यात आहेत. ती त्यांनीच सांगावी.

कोळसा सुरू कसा झाला, हे आपण जाणतो. तो संपतो कसा, आणि संपल्यानंतर त्या जमिनीचे व तेथील माणसांचे काय होते, हा अध्याय आपल्याकडे पुरता लिहिला जायचा आहे. तो जेथे घडून गेला असा एक मुलूख पाहण्याचा योग आम्हांस आला. आमची कन्या बेल्जममधील ल्यूव्हेनच्या विद्यापीठात शिकत असताना २०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. कोळशाच्या गावातून आलेल्या आईबापांना दाखवायचे काय, तर कोळशाचेच गाव, असा विचार करून तिने आम्हांस लिम्बुर्ग प्रांतात नेले, आणि तेथे गेल्यावर भाड्याच्या सायकली आमच्या हाती दिल्या. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने सायकलीवर टांग टाकणे यात आपल्याकडे थोडा विनोद आहे. त्या देशात नाही. तेथे आजोबा-आजी सायकलीवरून बाजारहाट करतात.

लिम्बुर्ग हा बेल्जमच्या ईशान्येकडील प्रांत. याच नावाचा दुसरा प्रांत शेजारी हॉलंडमध्ये आहे. आमचे लिखाण बेल्जमच्या लिम्बुर्गविषयी आहे. येथील जमीन मूळची रेताड. झुडपांची माळराने, अधूनमधून तळी, मेंढ्यांचे कळप आणि विखुरलेली दरिद्री खेडी, असे तिचे रूप होते. गेंक हे या मुलुखातील आजचे मोठे औद्योगिक शहर. पण विसाव्या शतकाच्या आरंभी ते दोन-अडीच हजार वस्तीचे खेडे होते, आणि निसर्गचित्रे काढणारे चित्रकार तेवढे तेथे मुद्दाम येऊन राहत. म्हणजे हा प्रदेश 'निसर्गरम्य' आहे हा शोध काही आजच्या पर्यटन खात्याने लावलेला नाही. मध्यंतरी शंभर वर्षे तो विसरला गेला होता, एवढेच.

ल्यूव्हेनच्या विद्यापीठातील भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक आंद्रे द्युमाँ यांनी १९०१ च्या ऑगस्ट महिन्यात आस या गावी ५४१ मीटर खोलीवर कोळसा शोधून काढला. परंतु शोध लागणे निराळे आणि कोळसा वर येणे निराळे. वरचे थर पाण्याने भरलेल्या वाळूचे. चानक खणावी तर वाळू आणि पाणी दोन्ही आत धावत येणार. (खाणीच्या उभ्या विहिरीला चानक म्हणतात, हे या पट्ट्याबाहेरच्या आप्तांसाठी सांगितले पाहिजे, धनबादकरांना नको.) त्यावर उपाय काढला तो असा, की चानकेच्या जागेभोवती नळ्या उतरवायच्या, त्यांतून अतिथंड खारे पाणी फिरवायचे, आणि भोवतालची ओली वाळू गोठवून दगडासारखी कठीण करायची, मग त्या बर्फाच्या भिंतीच्या आत खणीत जायचे. या खटाटोपामुळे विंटरस्लाख येथील पहिल्या खाणीतून नियमित उत्पादन सुरू व्हावयास १९१७ साल उजाडले. पुढे बेरिंगेनपासून आइस्डेनपर्यंत सुमारे चाळीस किलोमीटरच्या पट्ट्यात एकंदर सात खाणी झाल्या. त्यांना जोडणारा कोळशाचा लोहमार्ग झाला. १९३० ते १९३९ या काळात अँटवर्पच्या बंदराकडे जाणारा आल्बर्ट कालवा खोदला गेला. खाणमालकांनी माळरानावर वसाहती उठवल्या. आपल्याकडील धौड्यांशी त्यांची तुलना होऊ शकत नाही. प्रत्येक घराला बाग, रस्त्याला झाडे, मध्यभागी कॅथेड्रलच्या तोलामोलाचे चर्च. मात्र साहेबांचे बंगले एकीकडे आणि कामगारांची घरे दुसरीकडे, ही व्यवस्था आपल्याला परकी वाटली नाही.

वाचकहो, आम्हांस अधिक जवळची वाटली ती तेथील माणसे कोठून आली याची कथा. स्थानिक शेतकरी खाणीत उतरावयास नाखूष. म्हणून पोलंडमधून, युक्रेनमधून माणसे आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली बेल्जम व इटली यांच्यात करार झाला : इटलीने पन्नास हजार कामगार पाठवायचे आणि बेल्जमने इटलीला कोळसा द्यायचा. माणसांच्या बदल्यात कोळसा, असा हा उघडउघड सौदा होता. १९५६ च्या ऑगस्टमध्ये बेल्जमच्या दक्षिण भागातील मार्सिनेल येथे खाणीला आग लागून २६२ माणसे मेली. त्यांपैकी १३६ इटालियन होती. तेव्हा इटलीने हात आखडता घेतला. मग स्पेन, ग्रीस, आणि १९६४ च्या करारांनी तुर्कस्तान व मोरोक्को येथून माणसे आणली गेली. आलेल्या प्रत्येकाने आपापल्या भाषेची मंडळे काढली, आपापले सण साजरे केले, मुलांना आपली भाषा यावी म्हणून धडपड केली. एका इटालियन मंडळाच्या खोलीत भिंतीवर लावलेली वार्षिक स्नेहसंमेलनांची छायाचित्रे आम्ही पाहिली. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर पदाधिकारी, मागे उभ्या स्त्रिया, खाली मांडी घालून बसलेली मुले. आमच्या पत्नीने ती पाहून, "अगदी आपलीच की हो," असे उद्गार काढले.

भरभराटीच्या काळात, म्हणजे महायुद्ध संपल्यानंतरच्या चार-दोन वर्षांत, या खाणींवर सुमारे चाळीस हजार माणसे होती. नंतर तेल आले, परदेशचा स्वस्त कोळसा आला आणि उतरती कळा लागली. १९६६ च्या जानेवारीत झ्वार्टबर्ग येथील खाण बंद होत असताना कामगार रस्त्यावर उतरले, पोलिसी कारवाई झाली आणि दोघांना प्राण गमवावे लागले. या रक्तपातानंतर सरकारला मान्य करावे लागले की पर्यायी रोजगार उभा केल्यावाचून यापुढे खाण बंद करणार नाही. आम्हांस ही गोष्ट सायकलवाटेच्या इतिहासातील पहिली पायरी वाटते. बंद करण्याची किंमत कोणी द्यायची, हा प्रश्न तेथे प्रथम विचारला गेला आणि उत्तर कागदावर उतरले. वचन पुरतेपणी पाळले गेले असे नव्हे. पण १९८० नंतरच्या दशकात उरलेल्या खाणी मिटवण्याची वेळ आली, तेव्हा कामगारांना भरपाई देण्यासाठी आणि प्रांताच्या पुनर्रचनेसाठी वेगळा निधी ठेवावा लागला. १९८७ ते १९८९ या तीन वर्षांत आइस्डेन, वाटरशाई, विंटरस्लाख, बेरिंगेन अशा एकामागून एक खाणी बंद झाल्या. ३० सप्टेंबर १९९२ रोजी झोल्डरची खाण बंद झाली, आणि तिच्याबरोबर बेल्जममधील कोळशाचे खाणकामच संपले.

त्या निधीतून उरलेल्या पैशावर १९९४ साली प्रांताच्या पुनरुज्जीवनासाठी एक सार्वजनिक गुंतवणूक कंपनी स्थापन झाली. खाणींच्या जमिनी आणि इमारती तिच्या हाती आल्या. सरकारी तिजोरीची रीत आम्ही जवळून पाहिली आहे. शिल्लक रक्कम एकतीस मार्चला परत जाते. येथे ती प्रांतातच राहिली.

सायकलवाटांची मूळ कल्पना ह्यूगो बोलेन या गृहस्थांची. त्यांचा पेशा खाण-अभियंत्याचा. तोपर्यंत युरोपात सायकलीचे मार्ग असत ते नावांचे : अमुक राजाचा मार्ग, तमुक नदीचा मार्ग. एकदा त्या मार्गाला लागले की ठरलेले चाळीस-पन्नास किलोमीटर पुरे करूनच घरी यायचे. पाय दुखले, आभाळ आले, तरी मध्येच वळून जवळच्या वाटेने परतण्याची सोय नाही. बोलेन यांनी मार्गांना नावे देण्याची पद्धत सोडली आणि मार्ग जेथे एकमेकांस भेटतात त्या नाक्यांना क्रमांक दिले. प्रत्येक नाक्यावर एक निळी पाटी. तिच्यावर त्या नाक्याचा क्रमांक, आणि तेथून निघणाऱ्या वाटा कोणत्या क्रमांकांच्या नाक्यांना जातात ते बाणांनी दाखवलेले. सकाळी निघताना पाच-सहा आकडे एका चिटोऱ्यावर लिहून घ्यावे, एकामागून एक नाका गाठीत जावे. दमलात तर पुढच्या नाक्यावर दुसरा आकडा निवडून परत फिरावे. लिम्बुर्गमध्ये हे जाळे १९९५ साली सुरू झाले. पुढे साऱ्या फ्लँडर्सने, हॉलंडने आणि जर्मनीच्या काही भागांनी तीच पद्धत उचलली. एकट्या लिम्बुर्गमध्ये आज अशा वाटांची लांबी दोन हजार किलोमीटरच्या आसपास आहे.

ही कल्पना खाणवाल्याला सुचावी याचे आम्हांस नवल वाटले नाही. खाणीत सूर्य नाही, दिशा नाही, ओळखीचे झाड नाही. गॅलरीला गॅलरी कोठे मिळते, एवढ्यावरच माणसाचे येणेजाणे आणि प्रसंगी जगणे अवलंबून असते. अशा अंधारात वर्षे काढलेल्या माणसाला जमिनीवर आल्यावरही रस्त्यापेक्षा नाका आधी दिसला असेल. हा आमचा तर्क. बोलेन यांच्या तोंडी आम्ही तो घालीत नाही.

या कामात नवे रस्ते फारसे बांधावे लागले नाहीत, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. कालव्याच्या काठची जुनी वाट, शेताकडे जाणारा डांबरी रस्ता, ओस पडलेला कोळशाचा लोहमार्ग, जंगल खात्याची पाऊलवाट, असे जे होते तेच जोडले. खर्च मुख्यतः पाट्यांचा, दुरुस्तीचा आणि अनेक ग्रामपालिकांना एका विचाराने वागावयास लावण्याचा. तिसरा खर्च पैशात मोजता येत नाही. तो किती जड असतो हे कोणत्याही कार्यालयात काम केलेल्या माणसाने जाणावे.

जाळे झाले म्हणून बेकारी हटली, असे मात्र कोणी समजू नये. गेंकमध्ये १९६४ सालापासून फोर्ड कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. खाणीतून बाहेर पडलेल्या कुटुंबांची पुढची पिढी त्याच्या आधारावर उभी राहिली. तोही २०१४ च्या डिसेंबरमध्ये बंद झाला आणि सुमारे चार हजार तीनशे माणसे थेट घरी बसली. सायकलस्वार थांबून कॉफी पितो, एखादी रात्र राहतो, सायकल दुरुस्त करून घेतो; त्यातून कित्येक छोटी दुकाने चालतात. पण खाणीचा पगार आणि कॉफीच्या दुकानाचा गल्ला यांची तुलना करणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. खाणींच्या जागी कलाकेंद्रे, तंत्रसंशोधनाच्या संस्था, दुकाने, छोटे उद्योग असे पुष्कळ काही आणावे लागले. विंटरस्लाखच्या यंत्रघरात आज नाटके आणि प्रदर्शने होतात. बेरिंगेनला खाणीचे संग्रहालय आहे आणि तेथील मातीच्या ढिगावर मुले चढाओढीने चढतात. आइस्डेनच्या खाणीची जागा २००६ साली स्थापन झालेल्या होखे केम्पेन राष्ट्रीय उद्यानाचे एक प्रवेशद्वार बनली आहे. या सर्वांना एकत्र बांधणारा दोरा म्हणजे सायकलीची वाट.

अलीकडे या वाटांवर काही नेत्रदीपक बांधकामेही झाली. बोक्राइक येथे २०१६ साली एका तळ्याच्या मधोमध २१२ मीटर लांबीची वाट खाली खचवून नेली. सायकलीवर बसले की दोन्ही बाजूंचे पाणी आपल्या डोळ्यांच्या पातळीवर येते आणि बदके शेजारून पोहत जातात. अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने २०१८ साली जगातील पाहण्याजोग्या शंभर ठिकाणांत तिची गणना केली. हेक्टेल-एक्सेलच्या अरण्यात २०१९ साली सातशे मीटरची वर्तुळाकार वाट झाली. ती हळूहळू दहा मीटर उंच चढते, आणि आपण झाडांच्या शेंड्यांमधून सायकल हाकतो. २०२१ साली मासमेखेलेनच्या माळरानावर एक लांब लाकडी पूल झाला. आम्हांस विचाराल तर या करामतींपेक्षा त्या साध्या निळ्या पाट्यांचे मोल आम्ही अधिक मानू. करामत पाहून मनुष्य छायाचित्र काढतो आणि निघून जातो. पाटी त्याला पुढच्या गावी नेते.

तरी झाडांमधील वाटेवर आम्ही बराच वेळ रेंगाळलो. तिचे कारण वेगळे. ही झाडे पाइनची. या रेताड मुलुखात पाइनची मोठाली वने लावली गेली, ती बरीचशी खाणींना टेकूंचे लाकूड पुरवण्यासाठी. छत दबू लागले की पाइनचा टेकू मोडण्याआधी करकरतो. त्या आवाजाने सावध होऊन खाणकामगाराला पळता येते. आपल्याकडे 'चाल धसली' हे शब्द ऐकून ज्या घरांच्या काळजात धस्स होते, त्यांना या करकरण्याची किंमत सांगावयास नको. खाणी बंद झाल्या, आणि लाकूड मागणारे कोणी उरले नाही म्हणून झाडे उभी राहिली. आज त्यांच्या शेंड्यांतून लोक सायकली हाकतात.

आइस्डेनच्या एका लहानशा उपाहारगृहात एक वृद्ध इटालियन गृहस्थ भेटले. सत्तावीस वर्षे ते खाली होते. छातीत खाणीची धूळ बसलेली, त्यामुळे दोन वाक्यांनंतर थांबावे लागे. आमची कन्या दुभाष्याचे काम करीत होती. निवृत्त झाल्यावर ते सायकलीवर हिंडू लागले, तेव्हा त्यांना प्रथमच कळले की ज्या गॅलरीत आयुष्य गेले तिच्या डोक्यावर इतके सुंदर माळरान आहे. आम्ही धनबादचे, हे कळल्यावर त्यांनी विचारले, तुमच्याकडे अजून कोळसा आहे ना? आम्ही म्हटले, पुष्कळ आहे. त्यावर ते म्हणाले, मग तुम्हांला वेळ आहे.

तो वेळ कशासाठी, याचा विचार आम्ही परतीच्या प्रवासात करीत होतो. कोळसापट्ट्यातील सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कोणते चित्र येते? दांड्याच्या दोन्ही अंगांना पोती लादलेली, दोन-अडीच क्विंटल कोळशाखाली वाकलेली सायकल, आणि तिच्यावर न बसता तिला ढकलीत नेणारा माणूस. रामगढहून चुटुपालूचा घाट चढून रांचीला जाणारी ही रांग आपण सर्वांनी मोटारीच्या काचेतून पाहिली आहे. आपल्याकडील खाणी बंद पडतील तेव्हा या माणसाचे नाव कोणत्याही भरपाईच्या यादीत असणार नाही, कारण तो कोणत्याही हजेरीपटावर नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. लिम्बुर्गमध्येही जमीन खचली आहे. आइस्डेनच्या बाजूला ती काही ठिकाणी कित्येक मीटर खाली गेली, कालव्याचे काठ उंचवावे लागले, आणि वस्तीत पाणी साचू नये म्हणून पंप आजही चालू आहेत. खाण बंद होऊन पस्तीस वर्षे उलटली तरी सार्वजनिक पैशातून ते चालवावे लागतात. आम्ही त्या काठावरून सायकली नेल्या तेव्हा घरांची छपरे आमच्या पायांपाशी होती. परंतु खाली कोणत्या वर्षी कोठपर्यंत कोळसा काढला, याचे नकाशे तेथे जपलेले आहेत. म्हणून कोठे वाट न्यावी आणि कोठे नेऊ नये हे ठरवता येते. झरियात १९१६ सालापासून धुमसणारी आग आहे, आणि राष्ट्रीयीकरणापूर्वीच्या मालकांनी केलेली कित्येक खोदकामे कोणत्याही नकाशावर नीट उतरलेली नाहीत. २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाला येथे खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास माणसे गेली, ती वरच्या जुन्या खोदकामात साठलेल्या पाण्यामुळे. महाराष्ट्रात नागपूरजवळ सावनेर येथे कोळसा कंपनीने खाणीच्या परिसरात उद्यान करून प्रवाशांना खाण दाखवण्याची सोय केली आहे, ती आम्ही पाहिली आहे आणि ती चांगली आहे. झरियाच्या पोकळ जमिनीवर मात्र बाग किंवा वाट आखण्याआधी खाली काय आहे ते कळले पाहिजे.

आपल्या मंडळाच्या पहिल्या पिढीत सर्व्हेअर आणि ड्राफ्ट्समन बरेच होते. त्यांपैकी काही आज हयात नाहीत. त्यांच्या ट्रंका मात्र पुण्या-नागपूरच्या माळ्यांवर किंवा येथील क्वार्टरांत पडून आहेत. त्यांत कापडाचे अस्तर लावलेला, कडा पिवळ्या पडलेला एखादा जुन्या खाणीचा नकाशा निघाला, तर तो रद्दीत जाऊ देऊ नये, कोळसा कंपनीच्या सर्वेक्षण विभागाकडे पोचता करावा. कोणाला पोचवणे जमत नसेल तर आम्हांस निरोप द्यावा. आम्ही स्वतः येऊन घेऊन जाऊ.